सेरोटोनिन 'कमी' नसतं: चिंतेच्या गोळीचे पहिले दोन आठवडे आणि मेंदूतल्या वाटा

मधुमालती (धागाकर्ती)
रविवार, सकाळी ९.१०

गेल्या आठवड्यात आरोग्य विभागातल्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "चिंतेवरची गोळी सुरू केली आणि चिंता दुप्पट झाली, म्हणून आठव्या दिवशी बंद केली." खाली दहाबारा जणांनी "बरं केलंत" म्हणून पाठ थोपटली होती. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. सात वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं, आणि मी तर औषधशास्त्र शिकवते.

एम. फार्म.ला माझा प्रकल्प चिंतेवर होता. फार्मसीवाल्यांना 'प्लस मेझ' आठवत असेल. अधिकच्या चिन्हासारखा लाकडी पाट, जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, चारपैकी दोन हातांना भिंती, दोन उघडे. पांढरा उंदीर मध्यावर सोडायचा आणि पाच मिनिटं घड्याळ लावून बसायचं. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो, निर्धास्त असेल तो उघड्या हातावर फिरतो. डायझेपाम हे लगेच शांत करणारं औषध दिलं की उघड्यावरचा वेळ वाढतो, हे दर वर्षी मुलं पाहतात. मी फ्लुओक्सेटिन दिलं होतं, म्हणजे चिंतेवर आणि उदासीवर देतात ते, सेरोटोनिनवर काम करणारं औषध. पहिल्याच डोसनंतर माझे उंदीर आणखी आत जाऊन बसले. वाटलं, मोजमाप चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीन आठवडे रोज औषध दिलेला वेगळा गट मात्र उघड्यावर आला. वहीत हे सगळं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

आणि मग एका पावसाळ्यात कात्रजच्या बोगद्यात आमची एसटी पाऊण तास अडकली. छाती आवळली, हात बधिर झाले, वाटलं इथेच संपलं. त्यानंतर बोगदाच काय, लिफ्टही नको झाली. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम दिली, फ्लुओक्सेटिनच्याच कुळातली गोळी. पहिले दहा दिवस पहाटे चारला धडधडून जाग यायची. "सुरुवातीला त्रास वाढू शकतो" हे एक वाक्य मला कुणी सांगितलं नाही, आणि उंदरांमध्ये पाहिलेली गोष्ट मला स्वतःत ओळखता आली नाही. मी स्ट्रिप कचऱ्यात टाकली. त्याच गोळीकडे परत यायला वर्ष गेलं. ते वर्ष वाया गेलं असं मी आजही मानते, म्हणून हा धागा.

"चिंता म्हणजे सेरोटोनिन कमी, आनंद म्हणजे डोपामिन" हे समीकरण आधी मनातून काढा. ही दोन्ही मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ती रसायनं. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात मधल्या रेषेवर असतात. त्या भागाला रॅफे म्हणतात, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी पेशींपैकी या जेमतेम काही लाख, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळीकडे पोचतात. आणि पोचल्यावर काय होईल हे सेरोटोनिन ठरवत नाही, घेणारी पेशी ठरवते. सेरोटोनिनचे १४ प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, आहेत. काही पेशीला शांत करतात, काही चेतवतात. आमच्याकडच्या माणसाला हे समजावायला मी कोयनेचं उदाहरण देते. धरणातून सोडलेलं पाणी तेच, पण एका गावात त्यावर ऊस जगतो आणि २०१९ ला पुढे कृष्णेकाठी सांगलीत माणसं छपरावर बसली होती. पाणी 'कमी' की 'जास्त' हा प्रश्न गावाचं नाव घेतल्याशिवाय विचारता येत नाही.

चिंतेच्या बाबतीत दोन गावं महत्त्वाची. एक अमिग्डाला, बदामाएवढी, समोर आलेल्या धोक्यावर झटकन उठणारी. दुसरं तिच्या शेजारचं बीएनएसटी, जे दूरच्या, अनिश्चित धोक्यावर तासन्‌तास जागं राहतं. "काहीतरी होणार आहे" ही पोटातली भावना बरीचशी या दुसऱ्या भागाची. रॅफेतून बीएनएसटीकडे जाणारी सेरोटोनिनची एक वाट आहे, आणि तिथल्या काही पेशींवर '२सी' जातीचे रिसेप्टर आहेत. २०१६ साली 'नेचर'मध्ये आलेल्या उंदरांवरच्या कामात दिसलं की ही वाट चेतवली की भीती वाढते, आणि फ्लुओक्सेटिनचा एकेरी डोस याच वाटेने भीती वाढवतो. माझ्या वहीतलं कोडं तिथे सुटलं. ते वाचलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये रडले होते.

डोपामिनवर पुढच्या प्रतिसादात लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

बांधावरचा
रविवार, १०.०२

ताई, वाचतोय. एक प्रश्न. माझ्या भाच्याने एका लॅबमधून "न्यूरोट्रान्समीटर तपासणी" करून घेतली, बरेच पैसे गेले. रिपोर्टमध्ये सेरोटोनिन कमी आलं. याला अर्थ आहे का?

मधुमालती
रविवार, ११.३५

चिंतेपुरता नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तात ते प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं, आणि रक्तातून मेंदूत ते शिरत नाही. त्या आकड्यावरून मेंदूचं काही कळत नाही. आणि समजा मेंदूतलं मोजता आलं, तरी उत्तर उलटंही येऊ शकतं. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात २०१५ साली चारचौघांत बोलायची तीव्र भीती असलेल्या लोकांची पेट स्कॅनने पाहणी झाली. त्यांच्या अमिग्डालात सेरोटोनिन इतरांपेक्षा *जास्त* तयार होत होतं. भाच्याला म्हणावं, तो कागद बाजूला ठेव आणि त्रास काय होतो ते डॉक्टरांशी बोल.

आता डोपामिन. रॅफेच्या थोडं पुढे, मध्यमेंदूत व्हीटीए नावाचा भाग आहे, तिथून डोपामिनचे धागे निघतात. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की या पेशी गोड रस मिळाला म्हणून उसळत नाहीत, अपेक्षेपेक्षा *बरं* घडलं म्हणून उसळतात. रस मिळणार हे माकडाला ठाऊक झालं की रसाच्या वेळी त्या गप्प. रस येणार म्हणून वाट पाहिली आणि आलाच नाही, तर नेहमीच्याही खाली जातात. म्हणजे डोपामिन हा हिशेब आहे: काय वाटलं होतं आणि काय झालं.

हाच हिशेब भीतीला लावा. आवाज झाला की पायाला झटका, असं शिकलेल्या उंदराला एक दिवस नुसता आवाज ऐकवला. झटका यायच्या क्षणी झटका आला नाही. २०१८ साली एकाहून जास्त प्रयोगशाळांनी दाखवलं की नेमक्या त्या क्षणी व्हीटीएतल्या काही डोपामिन पेशी उसळतात. तेवढ्याच क्षणापुरतं त्यांना दाबून ठेवलं, तर नुसता आवाज ऐकवूनही उंदराची भीती नीट जात नाही. "आता धोका नाही" हे मेंदूला आपोआप कळत नसतं, ते शिकावं लागतं, आणि त्या शिकण्याला डोपामिन लागतं.

पण डोपामिनही एकाच बाजूचं नाही. अमिग्डालाच्या कडेने दाबक पेशींची लहान लहान बेटं असतात. एरवी ती भीतीचा मार्ग अडवून धरतात. अंगावर काही आलं की अमिग्डालात डोपामिन वाढतं, ही बेटं गप्प होतात आणि दार उघडतं. बांधावर फुरसं दिसलं तर धडा पहिल्याच वेळी पक्का व्हायला हवा, त्यासाठी हे. बोगद्यातल्या त्या पाऊण तासात माझ्या मेंदूने तो धडा गिरवला.

डॉ_निशिगंध
रविवार, दुपारी २.२०

मी मानसोपचारतज्ज्ञ, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. धागाकर्तीने लिहिलेलं बरोबर आहे, पण एक खबरदारी ठळकपणे: उंदरांवरून माणसावर उडी मारताना पाऊल जपून. वाटा सारख्या असतात, चिंता सारखी नसते. उंदराला गृहकर्जाची भीती वाटत नाही.

'कमी-जास्त' या भाषेचा कंटाळा मलाही आहे. पण तिचा जन्म आळसातून झाला नाही, हेही लिहितो. पूर्वी आमच्याकडे रुग्णाला "तुझा स्वभावच भित्रा" म्हणत. "रसायन कमी आहे" म्हटल्यावर त्याच्या खांद्यावरचा दोष उतरायचा. तो दोष उतरणं मला अजूनही हवं आहे, चुकीचं वाक्य मात्र नको.

एक जुना विचार इथे बसतो. १९९१ मध्ये ब्राझीलचे ग्रेफ आणि इंग्लंडचे डीकिन यांनी मांडलं की सेरोटोनिन अमिग्डालाच्या बाजूला काळजी *वाढवतं*, आणि मध्यमेंदूतल्या 'पॅग' या भागात ऐनवेळची घबराट *दाबतं*. हा पॅग म्हणजे पळ काढायचं, जीव मुठीत धरायचं केंद्र. त्यामुळे दिवसभर पोखरणारी काळजी आणि अचानक येणारा पॅनिक अटॅक हे एकाच गोष्टीचे लहानमोठे आकार नाहीत. रुग्ण वर्णन करतो तेव्हा मी हे वेगळं ऐकायचा प्रयत्न करतो.

आठवा_दिवस
रविवार, ४.०५

तो आठव्या दिवशी बंद करणारा मीच. हे नाव मुद्दाम आत्ताच घेतलं. मधुमालतीताई, तुमचा धागा वाचून घाम फुटला, पण हायसंही वाटलं. माझं वय २३. एक कळत नाही. गोळी पहिल्या दिवशीच सेरोटोनिन वाढवत असेल, तर चांगला परिणाम यायला तीन आठवडे का?

मधुमालती
रविवार, ५.१५

आलास हे फार बरं केलंस. थोडं मोठं उत्तर आहे.

रॅफेतल्या पेशींच्या स्वतःच्या अंगावर '१ए' जातीचे रिसेप्टर असतात. आपण सोडलेलं सेरोटोनिन ते स्वतःच चाखतात, आणि जास्त वाटलं की पेशीला थांबवतात. गोळी सेरोटोनिन परत आत ओढणारा पंप अडवते. पहिल्या दिवसापासून आजूबाजूला सेरोटोनिन वाढतं, लगेच हे पहारेकरी जागे होतात आणि पेशीचा वेग कमी करतात. पुढच्या टोकांना काय पोचतं ते असमान: कुठे थोडी वाढ, कुठे नाही, आणि जिथे २सी रिसेप्टर आहेत तिथे अस्वस्थता. दोनतीन आठवडे रोज हेच झालं की पहारेकरी बोथट होतात, पेशी पूर्वीच्या वेगाने चालतात, आणि आता पंप अडलेलाच असल्यामुळे टोकांना खरी वाढ पोचते. २सीची ताकदही हळूहळू उतरते. यापलीकडे नवे जोड तयार होणं वगैरे आहे, त्याला आणखी वेळ.

आता सेरोटोनिन आणि डोपामिन या दोघांची गाठ. रॅफेचे धागे व्हीटीएपर्यंत जातात. तिथे दाबक पेशींवर २सी रिसेप्टर आहेत, सेरोटोनिन आलं की त्या डोपामिनला ब्रेक लावतात. म्हणूनच काहींना या गोळ्यांवर चिंता ओसरते पण सगळं सपाट वाटतं, गाणं ऐकावंसं वाटत नाही. त्याचं एक कारण हा ब्रेक मानला जातो. आणि रॅफेच्याच दुसऱ्या काही पेशी सेरोटोनिनबरोबर ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडून त्याच डोपामिन पेशींना चेतवतात. एकाच घरातून एक हात ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर.

स्टॅनफर्डमधून २०१८ साली आलेल्या एका कामात तर रॅफेचेच दोन वेगळे संच दाखवले. एक अमिग्डालाकडे जाणारा, दुसरा कपाळामागच्या मेंदूकडे. दोघे बक्षिसाला सारखेच उठतात, शिक्षेला मात्र उलटे वागतात. पहिला चेतवला की उंदीर जास्त भितो, दुसरा चेतवला की अडचणीत हातपाय हलवतो, सोडून देत नाही. मला हे वाचून फार धीर आला होता. ज्या शिवणीतून भीती येते, तिच्यातूनच धडपडही येते.

डॉ_निशिगंध
रविवार, ६.३०

'आठवा दिवस', हे तुमच्यासाठी आणि तुमच्या वयाच्या सगळ्यांसाठी. २५ च्या आतल्या रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थतेबरोबर जीव द्यायचे विचार येऊ शकतात. असे विचार असतील तर "दोन आठवडे कळ काढ" हा सल्ला लागू नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, घरात सांगायचं. रात्री अपरात्री टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

तसं काही नसेल, नुसती धडधड आणि झोपमोड असेल, तर डोस निम्म्याने सुरू करून हळू चढवता येतो. काही डॉक्टर पहिल्या दोनतीन आठवड्यांपुरतं क्लोनाझेपाम हे लगेच शांत करणारं औषध जोडतात. पण ते तेवढ्यापुरतंच, कारण त्याची सवय लागते. तुम्ही आपणहून परत सुरू करू नका, तुमच्या डॉक्टरांना खरं काय झालं ते सांगा. रागावणार नाहीत. रागावले तर दुसरे पाहा.

आठवा_दिवस
रविवार, ६.४८

तसे विचार नाहीत डॉक्टर. नुसती धडधड आणि "वेड लागतंय" असं वाटणं. उद्या फोन करतो.

विनायक_सा
रविवार, रात्री ९.००

सगळं वाचलं. मला एक टोचतं. माझी बहीण कंत्राटी शिक्षिका आहे, अकरा महिन्यांची ऑर्डर, दर जूनला नोकरी राहील की नाही माहीत नाही. तिची चिंता रॅफेत शोधायची की शिक्षण खात्यात? असं रसायनात बोललं की बाकी सगळे सुटतात.

मधुमालती
रविवार, ९.४०

विनायकदादा, तुमचं टोचणं रास्त आहे. पण बीएनएसटी कशावर जागं राहतं, ते पाहा: अनिश्चित, लांबलेल्या, कधी येईल न कळणाऱ्या धोक्यावर. दर जूनची ऑर्डर हे त्याचंच माणसाच्या जगातलं रूप. बहिणीचा मेंदू बिघडलेला नाही, त्याला जे शिकवलं तेच तो करतो आहे. ऑर्डर कायम झाली तर बहुतेक गोळी लागणारही नाही. पण ती होईपर्यंत तिला झोप लागत नसेल, भूक मेली असेल, तर तेवढ्या काळापुरती मदत घेण्याने खात्याचा दोष धुऊन निघत नाही. दोन्ही लढाया तिच्याच आहेत, आणि झोपलेलं माणूस जास्त लढतं.

रानकेवडा
सोमवार, सकाळी ७.१५

सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, फार्मा कंपनीत आयुष्य गेलं. या दोन रसायनांची जोडी कळली कशी, त्यात आपल्याकडच्या एका झाडाचा वाटा आहे, तो इथे नोंदवून ठेवतो.

सर्पगंधा. वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि पश्चिमेचे डोळे उघडले. १९५२ ला स्विस शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. रिसर्पिन दिलं की प्राणी गप्प, मलूल. अमेरिकेत ब्रॉडींच्या प्रयोगशाळेने सांगितलं, मेंदूतलं सेरोटोनिन रिकामं होतं म्हणून. तिथे काही महिने काम केलेले स्वीडनचे अर्विद कार्लसन परत जाऊन म्हणाले, थांबा, दुसरंही काही रिकामं होतंय. १९५७ मध्ये त्यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना सेरोटोनिनचा कच्चा माल दिला, ससे तसेच. डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, दिला, ससे उठून हिंडायला लागले. डोपामिन हे स्वतंत्र कामाचं रसायन आहे हे तिथून पुढे आलं, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पुढे सेरोटोनिनचा पंप अडवणारी पहिली विक्रीस आलेली गोळी, झिमेलिडिन, तीही त्यांच्याच कामातून. ती दुष्परिणामामुळे लवकरच मागे घ्यावी लागली.

एकाच माणसाने दोन्ही दारं उघडली, आणि किल्ली वकीलसाहेबांनी जगासमोर ठेवलेल्या मुळीत होती. शाळेच्या पुस्तकात हे का नसावं? (घरी सर्पगंधा उगाळून घेऊ नये. रिसर्पिनने उदासी आल्याच्या नोंदी आहेत.)

बांधावरचा
सोमवार, ८.३०

रानकेवडाकाका, दंडवत. ताई, तुमचा बोगदा कसा सुटला ते राहिलं.

मधुमालती
सोमवार, दुपारी १.१०

गोळी दुसऱ्यांदा सुरू केली ती निम्म्या डोसने. महिन्याभरात पहाटेची धडधड थांबली, पण बोगद्याची भीती तशीच. समुपदेशक बाईंनी सांगितलं, आता जायचं. आधी स्वारगेट ते कात्रज, उतरून परत. मग रिक्षाने बोगद्याच्या तोंडापर्यंत. मग खेड शिवापूरपर्यंत एसटी, नवरा शेजारी. मग एकटी. प्रत्येक वेळी आधी वहीत लिहायचं, "काय होईल असं वाटतं", आणि पलीकडे गेल्यावर "काय झालं". पहिल्या पानावर "श्वास बंद होऊन पडेन" असं आहे. खाली: "घाम आला. शेजारच्या आजींनी चिक्की दिली."

त्या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे डोपामिनचा हिशेब. म्हणून बाईंनी पर्समध्ये अल्प्राझोलाम (लगेच शांत करणारी गोळी) ठेवायलाही मनाई केली होती. गोळी घेऊन बोगदा पार केला, तर "बोगदा सुरक्षित आहे" असं मेंदू शिकत नाही, "गोळी होती म्हणून वाचलो" असं शिकतो. एस्सिटालोप्रामने मला बसच्या पायरीवर पाय ठेवण्याइतकं शांत केलं. बाकीचं त्या अकरा फेऱ्यांनी.

समई
सोमवार, रात्री १०.२५

थोडं वेगळं विचारू का? बाबांना (वय ७१) पार्किन्सन्स आहे, तीन वर्षं. हात थरथरणं आम्हाला समजतं, पण ते रोज दुपारी इतके कासावीस होतात की आई घाबरते. "मला सोडून जाऊ नका" म्हणून हात धरून ठेवतात. आधी असे नव्हते. देवळाचं ट्रस्टीपद सांभाळणारा माणूस.

डॉ_निशिगंध
मंगळवार, सकाळी ६.५०

समई, या धाग्याला याहून जवळचा प्रश्न नाही. पार्किन्सन्समध्ये डोपामिनच्या पेशी जातात हे सर्वांना माहीत, पण रॅफेलाही तो आजार धरतो, अनेकदा आधीच. म्हणून कित्येकांत थरथर सुरू होण्याच्या वर्षानुवर्षं आधी चिंता येते. शिवाय पार्किन्सन्सवर देतात ती लेव्होडोपाची गोळी मेंदूत गेल्यावर तिचं डोपामिन करणाऱ्या पेशींत सेरोटोनिनच्या पेशीही असतात. त्यांच्याकडे ते बनवायचं यंत्र आहे, पण हवं तेव्हा थांबवायचा लगाम नाही. मग डोपामिन चढतं तसं झपकन उतरतं, आणि उतरताना अंग जखडण्याआधी काहींचं मनच कासावीस होतं.

बाबांची गोळी किती वाजता असते? चार दिवस वही ठेवा: गोळीची वेळ, कासावीस होण्याची वेळ, ओसरण्याची वेळ. न्यूरॉलॉजिस्टना ती दाखवा. कदाचित वेगळं औषध जोडण्याआधी वेळा बदलूनच बघतील.

आठवा_दिवस
बुधवार, दुपारी १२.४०

डॉक्टरांशी बोललो. निम्मा डोस, आजपासून. ते म्हणाले, "फोन करायचास की रे तेव्हाच."

समई
शुक्रवार, रात्री ९.५०

डॉ. निशिगंध, नोंदी अशा आहेत. गोळ्या सकाळी ८, दुपारी ४, रात्री १०.
मंगळवार: ३.१० कासावीस, ४.५० शांत.
बुधवार: ३.२० कासावीस, ४.४५ शांत, चहा मागितला.
गुरुवार: २.५५, आईचा हात सोडेनात. ४.४० शांत.
आज: ३.१५. आईने त्यांना सांगितलं, "गोळी उतरतेय, चार वाजले की बरं वाटेल." ते घड्याळाकडे बघत बसले. हात धरलेलाच होता, पण रडले नाहीत.
सोमवारची वेळ घेतली आहे.